पॅकेज 24 सेशनचं, पण पाठीला लागतात किती? कायरोप्रॅक्टरच्या ‘रेग्युलर अपॉइंटमेंट’चं गणित असं आहे

इन्स्टाग्राम उघडा, चार रील्स पुढे ढकला, पाचवं हमखास तेच निघतं. टेबलावर पालथा पडलेला माणूस, शर्टाला लावलेला छोटा माइक, कंबरेवर एक झटका आणि कडाक् असा आवाज. पेशंट उठतो, मान दोन्हीकडे फिरवून बघतो आणि ‘एकदम हलकं वाटतंय’ म्हणतो. खाली कमेंट्समध्ये पत्ता आणि फी विचारणाऱ्यांची रांग.

आता ही रांग फक्त कमेंट्समध्ये राहिलेली नाही. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत आणि वर दोन तास टू-व्हीलरवर काढणारी पोरं खरोखर या क्लिनिकमध्ये जातायत. पहिलं सेशन होतं, बरं वाटतं आणि मग रिसेप्शनवर एक कागद पुढे येतो. आधी आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा आणि त्यानंतर महिन्यातून एकदा. कधीपर्यंत? तर कायम. कारण गाडीला सर्व्हिसिंग लागतं, तसं मणक्यालाही लागतं. समजा एका सेशनचे 1200 रुपये धरले, तर 24 सेशनचे होतात 28,800. एकदम भरले तर डिस्काउंट.

मग खरंच असं नियमित जायला पाहिजे का? की दुखायचं थांबलं की विषय संपला? उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असं नाहीये. ते कळायला आधी हा ‘कायम’ आला कुठून, ते बघायला लागतं.

गोष्ट आहे 1895 ची, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावची. तिथं डॅनियल डेव्हिड पामर नावाचा माणूस चुंबकीय उपचार करायचा. त्याच्या इमारतीत हार्वी लिलार्ड नावाचे सफाई कामगार होते, त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. पामरनं त्यांच्या पाठीचा एक मणका दाबून ‘जागेवर’ बसवला आणि त्यांना ऐकू यायला लागलं, असा त्याचा दावा होता. यातून कायरोप्रॅक्टिकचा जन्म झाला. ऐकू येण्याची नस कवटीच्या आतच असते, ती पाठीच्या मणक्यातून जातच नाही. पण गोष्ट चालली, कॉलेज निघालं आणि पुढं अमेरिकेच्या सगळ्या राज्यांमध्ये या धंद्याला लायसन्सही मिळालं.

पामरच्या विचाराला ‘सबलक्सेशन’ म्हणतात. म्हणजे मणका जरासा सरकतो, नसेवर दाब येतो आणि त्यातून शरीरात नाना आजार होतात. आता बघा, एकदा हे मान्य केलं की नियमित अपॉइंटमेंट आपोआपच सिद्ध होते. मणका काय, रोज बसता-उठता सरकणार. मग तो रोज नाही, तर निदान महिन्याला तरी बसवायला नको? म्हणजे ‘आयुष्यभर या’ हा सल्ला मुळात कुठल्या चाचणीतून आलेला नाही, तो या कल्पनेतून आलाय.

आणि या कल्पनेची आजची अवस्था काय आहे? ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टर्सची नोंदणी करणारी अधिकृत संस्था म्हणजे जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल. तिनंच 2010 मध्ये सांगितलं की सबलक्सेशन ही ऐतिहासिक संकल्पना आहे आणि ती आजारांचं कारण असल्याला संशोधनाचा आधार नाही. हे विरोधक डॉक्टर म्हणत नव्हते, घरचेच लोक म्हणत होते.

मग तो कडाक् आवाज कसला? सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब घटतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये बोटं मोडताना एमआरआय काढून हे दाखवलं. थोडक्यात, आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं असं नाही, आणि नाही आला म्हणजे उपचार फसला असंही नाही. पण रीलला आवाज लागतो. म्हणून तर माइक.

इथपर्यंत वाचून सगळंच थोतांड आहे असं वाटेल, पण तसंही नाही. कंबरदुखीवर हातानं केलेल्या या उपचाराचा काही लोकांना फायदा होतो, याला पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. संघटनेच्या आकड्यांनुसार 2020 मध्ये जगात 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती आणि 2050 पर्यंत हा आकडा 84 कोटी 30 लाखांवर जाईल. या सूचनांमध्ये मणक्यावरच्या हस्तोपचारांना जागा आहे. पण व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणं, मानसिक आधार यांच्या सोबत. उलट कंबरेला बांधायचे पट्टे आणि ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून ताणणं, या आपल्याकडच्या दोन लाडक्या गोष्टी सरसकट वापरू नका असं त्यात सांगितलंय. ब्रिटनच्या नाइस या संस्थेचीही 2016 पासून हीच भूमिका आहे, की हातानं उपचार करायचे तर व्यायामासोबत करा, नुसते नकोत.

आता येऊ मुद्द्याच्या प्रश्नावर. दुखत नसताना ठरलेल्या तारखेला गेल्यानं फायदा होतो का? यावर एक चांगली चाचणी झालीय ती स्वीडनमध्ये, आणि तिचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. 328 लोक घेतले. पण कुणीही उठून आलेले नव्हते. ज्यांची कंबर वारंवार धरते आणि ज्यांना कायरोप्रॅक्टरच्या पहिल्या काही उपचारांनी आराम पडला होता, असेच लोक निवडले. मग दोन गट केले. एका गटाला आधीच तारखा ठरवून दिल्या, दुसऱ्या गटाला सांगितलं की दुखलं तर या. वर्षभर दर आठवड्याला एसएमएस पाठवून विचारलं, या आठवड्यात किती दिवस त्रास झाला?

निकाल आला तो असा, की तारखेला येणाऱ्या गटाचे त्रासाचे दिवस वर्षभरात सरासरी 12.8 नं कमी झाले. वर्षातले जवळजवळ तेरा दिवस कमी दुखणं ही काही छोटी गोष्ट नाही. ज्याची कंबर धरली की दोन दिवस मोजेही घालता येत नाहीत, त्याला विचारा.

पण याच चाचणीतला दुसरा आकडा रीलमध्ये कधी येत नाही. नियमित येणाऱ्या गटाच्या व्हिजिट्स दुसऱ्या गटापेक्षा वर्षभरात किती जास्त झाल्या? सरासरी फक्त 1.7. म्हणजे दोनसुद्धा नाहीत. तारखा साधारण एक ते तीन महिन्यांच्या अंतरानं होत्या, आठवड्यातून दोनदा नाही. शिवाय दोन्ही गट कायरोप्रॅक्टरकडेच जात होते, व्यायाम करणाऱ्यांशी तुलना केलेलीच नव्हती. याच संशोधकांनी नंतर आकडे पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की दुखण्यानं ज्यांचं मन आणि रोजचं जगणं जास्त खचलं होतं त्यांना नियमित जाण्याचा चांगला फायदा झाला, आणि जे आपलं दुखणं स्वतःच नीट सांभाळत होते त्यांना काहीच झाला नाही. मग पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात एकच छापील पॅकेज कसं काय येतं?

अमेरिकेत हा वाद थेट सरकारी तिजोरीपर्यंत गेलाय. तिथल्या ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजनेत कायरोप्रॅक्टिकचा खर्च मिळतो, पण एका अटीवर. उपचारानं तब्येतीत सुधारणा अपेक्षित असली पाहिजे. ‘आहे ते टिकवायला’ म्हणून घेतलेल्या मेंटेनन्स सेशनला पैसे मिळत नाहीत. 2016 मध्ये आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी नमुना तपासणी करून हिशोब मांडला. 2013 मध्ये दिलेल्या 43 कोटी 81 लाख डॉलरपैकी साधारण 35 कोटी 88 लाख, म्हणजे 82 टक्के रक्कम नियमात बसत नव्हती, असा त्यांचा अंदाज निघाला. ज्या देशात हा उपचार जन्मला, तिथंच असा हिशोब निघाला.

आपल्याकडं अशी तपासणी करणारं कुणी नाही, कारण पैसे सरळ पेशंटच्या यूपीआयमधून जातात.

तसं हे वेड आपल्याला नवीन नाही. उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा आणि त्याचा पाय कंबरेला लावून घ्यायचा, हा महाराष्ट्राचा जुना उपाय. बहुतेकदा उसण जायची पण. त्यामागचं कारण साधं आहे. अचानक धरलेली कंबर बऱ्याच जणांची काही आठवड्यांत आपोआप सुटते. त्या काळात जो कुणी हात किंवा पाय लावेल, श्रेय त्याला मिळतं. फरक एवढाच की पायाळू माणसानं कधी 24 लाथांचं पॅकेज विकलं नाही.

याचा अर्थ अपॉइंटमेंट पाळायच्याच नाहीत असा काढू नका. आपल्याकडं उलटा घोळही तितकाच मोठा आहे. फिजिओथेरपिस्ट सहा वेळा यायला सांगतो, तिसऱ्या वेळी दुखायचं थांबतं आणि पेशंट गायब. पहिल्या दोन-तीन वेळांत दुखणं कमी केलं जातं, खरी ताकद वाढवणारा व्यायाम त्यानंतर टप्प्याटप्प्यानं सुरू होतो. तो टप्पा सोडला की तीच कंबर पुन्हा धरते आणि मग ‘फिजिओनं काही फरक पडला नाही’ हे गावभर सांगितलं जातं. ज्या उपचाराला ठरलेलं उद्दिष्ट आणि ठरलेला शेवट आहे, त्याच्या तारखा चुकवणं महागात पडतं. शेवटच नसलेल्या तारखांचं प्रकरण वेगळं.

आणि दुखणं परत येऊ नये यासाठी नियमित काय करावं, याचा एक पुरावा तर फारच स्वस्तातला आहे. ऑस्ट्रेलियात 701 लोकांवर झालेली चाचणी 2024 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आली. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या लोकांना चालण्याचा कार्यक्रम आखून दिला. फिजिओथेरपिस्टची मोजकी मार्गदर्शन सत्रं, बाकी आपलं आपण चालायचं, हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्ध्या तासापर्यंत. काहीच न करणाऱ्यांची कंबर साधारण 112 दिवसांनी पुन्हा धरली, चालणाऱ्यांची 208 दिवसांनी. सकाळी ग्राउंडवर राउंड मारणाऱ्या काकांचा रील काढून व्ह्यूज मिळत नाहीत, हा भाग वेगळा.

कंबरेपर्यंत ठीक आहे, मानेचा विषय मात्र जास्त गंभीर आहे. मानेतून मेंदूकडं रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. झटक्यानं त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडली तर गुठळी होऊन स्ट्रोक येऊ शकतो. हे क्वचित घडतं. झटक्यामुळे चीर पडते की आधीच चीर पडल्यानं मान दुखत असते आणि म्हणून माणूस उपचाराला जातो, यावरही तज्ज्ञांमध्ये वाद आहे. पण अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2014 मध्ये सांगितलं होतं की मानेला झटका देण्याआधी पेशंटला या धोक्याची कल्पना द्यावी. 2024 मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या 30 वर्षांच्या तरुणाची बातमी आली होती. सलूनमध्ये डोक्याचा मसाज करताना न्हाव्यानं मान मोडली आणि काही तासांनी त्याला स्ट्रोक आला. तो कायरोप्रॅक्टर नव्हता, पण धमनीला कुणाची डिग्री कळत नाही. आणि मेंटेनन्सच्या नावाखाली दुखत नसलेली मान दर महिन्याला मोडून घेणं म्हणजे फायद्याचा पुरावा नसताना हा छोटा धोका पुन्हा पुन्हा घेणं.

काही लक्षणं असतील तर कुठल्याच टेबलावर झोपायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली शक्ती कमी होत जाणं, कंबरदुखीसोबत ताप किंवा विनाकारण घटणारं वजन, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, आधी कॅन्सर किंवा हाडं ठिसूळ झाल्याचं निदान. पहिली तीन असतील तर त्याच दिवशी.

राहिला प्रश्न कायद्याचा. फिजिओथेरपिस्टसाठी महाराष्ट्रात 2002 च्या कायद्यानं राज्य परिषद आहे, 2021 मध्ये केंद्रानंही संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी आयोगाचा कायदा केला आणि त्यात फिजिओथेरपी आहे. कायरोप्रॅक्टिकसाठी भारतात अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे बोर्डावर ‘कायरोप्रॅक्टर’ लिहिणारा माणूस परदेशात कित्येक वर्षं शिकून आलेला असू शकतो, वर कोर्स केलेला फिजिओथेरपिस्ट असू शकतो किंवा चार दिवसांचं वर्कशॉप करून आलेला असू शकतो, बोर्ड तिघांचाही सारखाच दिसतो. काही बिघडलं तर तक्रार करायला उरतो मुख्यतः ग्राहक आयोग, आणि तिथं लागते पावती. म्हणून पहिल्याच दिवशी शिक्षण कुठलं, नोंदणी कुठली, किती सेशननंतर फरक पडायला हवा आणि नाही पडला तर उरलेले पैसे परत मिळणार का, हे विचारून घ्यावं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्यावं.