गाण्याला गुण किती?

वार्तापत्रासाठी नववी-दहावीची मुले हल्ली गाण्यांच्या अल्बमची परीक्षणे लिहून देतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र बहुतेक कागदांवर मजकूर चार ओळींचा आणि खाली ठळक अक्षरांत ‘१० पैकी ७.५’. हा अर्धा गुण कशाचा, असे विचारले की उत्तर मिळत नाही. याविषयी आमचे मत मांडतो.

दशांश चिन्हासह गुण देण्याची ही रीत अमेरिकेतील ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक प्रकाशनाने गाजवली. १९९८ साली ‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’ या वाद्यवृंदाचा ‘इन दि एरोप्लेन ओव्हर द सी’ हा अल्बम निघाला, त्याला पिचफोर्कने ८.७ गुण दिले. २००५ साली त्याच अल्बमचे पुन्हा परीक्षण झाले आणि गुण झाले पूर्ण १०. दरम्यान अल्बममधला एक सूरही बदलला नव्हता. आपल्याकडे फेरतपासणीत सुद्धा एवढी कृपा होत नाही! पुढे २०२१ मध्ये तर पिचफोर्कने काही जुने गुण जाहीरपणे बदलले. लिझ फेअर या गायिकेच्या २००३ च्या अल्बमला दिलेला शून्य सहावर गेला. अठरा वर्षे तो शून्य तिच्या नावापुढे होता.

आता त्या १९९८ च्या अल्बमकडे वळू. इंडी रॉक म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या छत्राबाहेर निघालेले रॉक संगीत. हा अल्बम काढणारी ‘मर्ज रेकॉर्ड्स’ ही कंपनी १९८९ साली एका वाद्यवृंदातील दोन कलाकारांनीच नॉर्थ कॅरोलिनात सुरू केलेली. गायक-गीतकार जेफ मँगम. अॅन फ्रँकची दैनंदिनी वाचून तो हादरला आणि त्या दुःखाची सावली अनेक गीतांवर पडली. एका गीताचे नावच ‘हॉलंड, १९४५’ आहे. अॅनचा छळछावणीत मृत्यू झाला ते हेच वर्ष. पण गाणे रडके नाही, ते धावत सुटते. गिटारचा आवाज फाटल्यासारखा, मध्येच वरातीच्या बँडसारखी पितळी वाद्ये, आणि काही ठिकाणी चक्क करवत! तिच्या पात्यावर व्हायोलिनचा गज फिरवून काढलेला तो सूर एखादे माणूस दूरवर गुणगुणावे तसा लागतो. मँगमचा आवाज वरच्या पट्टीत चिरकतो, पण तो सावरायचा प्रयत्नही करत नाही.

आपल्या आंतरशालेय गायन स्पर्धेच्या तक्त्यात सूर, ताल, पाठांतर, सादरीकरण असे रकाने असतात. या गायकाला तिथे उत्तेजनार्थ सुद्धा मिळाले नसते. विश्वस्त मंडळाने यावर जरूर विचार करावा, कारण दरवर्षी निवड चाचणीत ‘आवाज बसत नाही’ म्हणून घरी पाठवलेली मुले पुन्हा तोंड उघडत नाहीत. गोड गळ्याला बक्षीस द्यावेच. पण ज्याला काही सांगायचे आहे त्याच्यासाठी त्या तक्त्यात एकही रकाना नाही.

गुण देऊच नयेत असे आमचे म्हणणे नाही. मुलांना आकडा आवडतो, भांडायला तो बरा पडतो. आमची अट इतकीच, की अल्बम तीनदा पूर्ण ऐकावा आणि आवडलेली व खटकलेली जागा कोणत्या गीतात आहे ते लिहावे. त्याशिवाय आलेला आकडा आम्ही छापणार नाही.

आता कोणी आम्हालाच विचारील, म्हणून सांगतो: आम्ही ९ देतो. ‘ओ कमली’ हे आठ मिनिटांवरचे गीत आम्हाला लांबल्यासारखे वाटते, त्याचा एक गुण कापला. काही गीतांतील शब्द मोठ्यांसाठीचे आहेत. तेव्हा पालकांनी आधी स्वतः ऐकावे. पाचवी-सहावीच्या मुलांनी थोडी वर्षे थांबायला हरकत नाही. करवत तोवर कुठे जात नाही.