निर्वासिताचा हक्क कोणाच्या वशिल्यावर?

निर्वासितांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते: सरकार मुस्लिम नेत्यांच्या दबावाखाली झुकते. हा दबाव खरोखर किती होता, कधी चालला आणि कधी चालला नाही, हे इतिहासाला विचारून पाहू.

सप्टेंबर १९४७. दिल्लीतले हजारो मुसलमान पुराना किल्ला आणि हुमायूनच्या मकबऱ्यात जीव मुठीत धरून बसले होते. आपल्याच शहरात ते निर्वासित झाले होते. पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेल्या हिंदू-शीखांनी त्यांच्या रिकाम्या घरांत आणि मशिदींत आसरा घेतला होता. मौलाना आझाद तेव्हा केंद्रीय मंत्री होते, तरी त्यांच्या पदाने या माणसांना निर्धास्त झोप मिळाली नाही. जानेवारीत दिल्लीच्या मौलानांनी गांधीजींपुढे गाऱ्हाणे मांडले. १३ जानेवारी १९४८ ला गांधीजी उपोषणाला बसले. १८ तारखेला हमी मिळाली: मशिदी परत होतील, मुसलमानांना शहरात सुरक्षित वावरता येईल, मेहरौलीचा उरूस भरेल. उरूस भरला. ३० तारखेला गांधीजींचा खून झाला.

मंत्रिपदाने जे साधले नाही, ते एका माणसाने प्राण पणाला लावल्यावर साधले. याला वर्चस्व म्हणायचे की लाचारी? शिवाय मशिदी रिकाम्या करायच्या तर थंडीत तिथे राहिलेल्या निर्वासितांना हलवणे भाग होते. एकाचे छप्पर दुसऱ्याच्या डोक्यावरून काढून द्यायचे, एवढाच मार्ग व्यवस्थेने शिल्लक ठेवला होता.

याच काळात आणखी एक निर्वासित होता, ज्याच्यासाठी कोणी उपोषणाला बसले नाही. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून त्याची कैफियत मांडली. पाकिस्तान दलितांना भारतात येऊ देत नव्हता, कारण हलकी मानलेली कामे करायला त्याला माणसे हवी होती. जे पूर्व पंजाबात पोहोचले, त्यांच्याशी छावण्यांतले अधिकारी भेदभाव करत. म्हणून ते छावणीबाहेर राहिले. आणि रेशन-कपडे मात्र छावणीत राहणाऱ्यालाच मिळत. सीमा ओलांडली, जात ओलांडता आली नाही. बाबासाहेब स्वतः कायदामंत्री होते, तरी न्यायासाठी त्यांना पत्र लिहावे लागले.

सीमेपलीकडे जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. आपल्या समाजाला ते वाचवू शकले नाहीत. १९५० मध्ये राजीनामा देऊन तेही भारतात आले. पुढे दंडकारण्यातून सुंदरबनातल्या मरिचझापीला गेलेल्या, बहुतांश नामशूद्र निर्वासितांची १९७९ मध्ये पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारने नाकेबंदी केली आणि पोलिसांकरवी त्यांना हुसकावले. दबाव आणणारा नेता त्यांच्याकडे नव्हता.

आता आजचे पाहा. डिसेंबर २०१९ मध्ये असदुद्दीन ओवैसींनी लोकसभेत नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाची प्रत फाडली. कायदा झालाच, आणि त्यात मुसलमान सोडून सहा धर्मांची नावे आली. मुस्लिम लीग सर्वोच्च न्यायालयात गेली. मार्च २०२४ मध्ये नियमही लागू झाले. जम्मूत स्थानबद्ध केलेल्या रोहिंग्यांची परत पाठवणी रोखायला ८ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने नकार दिला. ठरलेली प्रक्रिया पाळा, एवढे सांगितले. सर्वशक्तिमान म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते, त्या नेत्यांची पोच ही एवढी.

मुळात भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. म्हणून तिबेटीला एक वागणूक, श्रीलंकेच्या तमिळाला दुसरी, रोहिंग्याला तिसरी. कायदा नसला की मर्जी चालते. मर्जी आली की वशिला लागतो, आणि वशिला नसलेला मरतो.

घरातले पहिले पदवीधर असलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपली शिष्यवृत्ती, आपली राखीव जागा कुणा दयाळू पुढाऱ्याच्या शब्दावर आली नाही. ती संविधानाच्या कलमावर आली. म्हणूनच ती मागताना आपण हात जोडत नाही. निर्वासितालाही असेच कलम हवे: धर्म न विचारणारे, जात न विचारणारे, छळाची भीती तपासणारे. ही मागणी मुस्लिम नेत्यांवर सोडून आपण बाजूला उभे राहू शकत नाही. छावणीच्या दाराबाहेर ठेवलेल्यांत आपलीही माणसे होती.