म्हशीचा चीक घरांत, आईचा चीक उकिरड्यावर

गोठ्यांत म्हैस व्याली म्हणजे घरांत केवढी धांदल उडते हें वाचकांस सांगावयास नको. रेडकूं धडपडत उठूं लागलें कीं घरधनी स्वतः वांकून त्याचें तोंड कासेला लावतो. चीक पोटांत गेला नाहीं तर रेडकूं दगावतें, हें त्याला कोणत्या शाळेंत शिकविलेलें नसतें. तें त्याच्या आज्यानें सांगितलेलें असतें. उरलेल्या चिकाचा खरवस होतो, त्यांत गूळ-वेलदोडा पडतो, आणि वाट्या शेजारीपाजारीं जातात. त्याच घरांत पुढें दोन महिन्यांनीं सून बाळंत होते. तिच्या अंगावर तसाच पिवळा, घट्ट चीक येतो, आणि तो मात्र ‘नासकें दूध’, ‘बाळाला जड’ असें म्हणून पिळून टाकतात! बाळाच्या जिभेला मधाचें बोट, नाहीं तर गुळाचें पाणी. रेडकाच्या बाबतींत जो शहाणपणा आपल्यापाशीं आहे, तो लेकराच्या बाबतींत कोठें जातो, असा आमचा शेतकरी बंधूंस प्रश्न आहे.

हें आम्ही दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवून लिहीत नाहीं. आमच्या थोरल्या मुलीच्या जन्माच्या वेळीं आम्ही रजा घेऊन सासुरवाडीस गेलों होतों. मास्तरकीची पदविका पदरीं, आरोग्याचा धडा मुलांना दहा वेळां शिकविलेला. पण आंत सुइणीनें चीक काढून टाकल्याचें कळलें, तेव्हां आम्ही ओटीवर गप्प बसून राहिलों. बाळंतपण हा बायकांचा कारभार, त्यांत पुरुषानें तोंड घालूं नये, ही आमची समजूत. दोन दिवस मुलीला कापसाच्या बोळ्यानें गुळाचें पाणी मिळालें. तिसऱ्या दिवशीं हगवण लागली. आठ दिवस तालुक्याच्या दवाखान्यांत काढले, तेव्हां मुलगी वांचली. सासूबाईंनीं जें केलें तें मायेनेंच केलें. आम्ही जें केलें नाहीं, त्याला मात्र माया म्हणतां येत नाहीं.

चिकांत रोगाशीं झुंजणारीं द्रव्यें असतात, ‘अ’ जीवनसत्त्व असतें. पहिल्या दिवशीं तो चमचा-चमचाच येतो, म्हणून ‘दूध उतरलेंच नाहीं’ अशी हाकाटी होते. परंतु त्या दिवशीं बाळाच्या पोटांत एका वेळीं मावतें तेंही चमचाभरच. बाळ ओढील तसें दूध येतें. दुसऱ्या-चौथ्या दिवसांत तें भरून येतें. म्हणून जन्मल्यापासून तासाच्या आंत बाळ छातीशीं धरावें आणि पुरे सहा महिने आईच्या दुधावांचून दुसरें कांहीं देऊं नये, असें आज जगांतील वैद्यशास्त्र सांगतें. वैशाखाच्या उन्हांतही वरचें पाणी नको, कारण दुधांत बहुतेक पाणीच असतें. मधाचें बोट तर मुळींच नको. त्यांतून वर्षाखालच्या मुलाला घातक असे जंतु जाऊं शकतात.

सारा दोष खेड्यांतल्या अडाणी सासूचा, असें म्हणण्याची शहरच्या शहाण्यांस संवय आहे. सरकारनें २०१९ ते २१ या सालांत घरोघर जी पाहणी केली, तिचे आंकडे त्यांनीं पाहावे. महाराष्ट्रांत शंभरांतलीं नव्वदांहून अधिक बाळंतपणें आतां दवाखान्यांत होतात. तरी पहिल्या तासांत आईचें दूध मिळालेलीं बाळें निम्म्याहून थोडींच अधिक! दवाखान्यांत तर सासूबाई बाहेरच्या बांकावर असते. मग तेथें बाळ आईपासून कोण दूर ठेवतो?

त्याच पाहणीप्रमाणें पांच वर्षांखालचीं शंभरांतलीं ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आहेत. २००५-०६ सालीं हा आंकडा ४६ होता, २०१५-१६ सालीं ३४ वर आला. म्हणजे मनावर घेतलें तर सुधारणा होते, हें आपण करून दाखविलें आहे. पुढें मात्र गाडा तेथेंच रुतला. पहिलीच्या वर्गांत आम्ही मुलें उंचीप्रमाणें उभीं करतों, तेव्हां हा आंकडा आमच्यापुढें रांगेनें उभा असतो.

आतां आईच्या ताटाकडे वळूं. गर्भारपणांत पोटभर जेवूं दिलें तर मूल मोठें होऊन अडेल, ही एक भीति. आणि बाळंतपणानंतर ‘पथ्य’ म्हणून भाजी तोडावयाची, पाणी तोडावयाचें, ही दुसरी. डोहाळजेवण एक दिवस थाटानें होतें; बाकीचे दिवस सून सर्वांच्या मागून, टोपल्यांत उरेल तें खाते. गाभण म्हशीला पेंड वाढविणारा मनुष्य हें रोज पाहतो! वास्तविक अंगावर पाजणाऱ्या बाईला गर्भारणीपेक्षांही अधिक अन्न लागतें. पहिल्या सहा महिन्यांत रोजच्यापेक्षां सुमारें ६०० उष्मांक जास्त; म्हणजे शंभर ग्रॅम पिठाच्या जवळजवळ दोन भाकरी, आणि त्यांच्याबरोबर डाळ, हिरवी भाजी, शेंगदाणे, जमेल तर अंडें. डिंकाचे लाडू ज्याला परवडतात त्यानें खुशाल करावे. ज्याला परवडत नाहींत त्यानें बाजरी, नाचणी, अळीव आणि गूळ यांना कमी लेखूं नये.

सहा महिने पुरे झाले कीं उष्टावण. येथेंही आपला विधि मोठा आणि घांस लहान. त्या दिवशीं खिरीचें एक बोट, आणि पुढें चार महिने डाळीचें वरचें पाणी, भाताची पातळ पेज! बाळाचें पोट वाटीएवढें. तें पाण्यानें भरलें तर अन्न कोठें मावणार? चमच्यावरून ओघळणार नाहीं इतकें दाट अन्न हवें: मऊ खिचडी, दुधांत कुसकरलेली भाकरी, नाचणीचें सत्त्व, आणि वर चमचाभर तेल किंवा तूप. आरंभीं दिवसांतून दोन-तीन वेळां, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळां. आणि अंगावरचें दूध दोन वर्षांपर्यंत चालूं ठेवावें. कुरकुऱ्याचें पाकीट आणि चहांत बुडविलेलें बिस्कीट म्हणजे जेवण नव्हे. अंगणवाडींतून मिळणारा घरपोच आहार कोंबड्यांपुढें टाकलेलाही आम्हीं पाहिला आहे. त्याची चव चांगली नसेल तर तक्रार जरूर करावी, पण ती कोंबड्यांपाशीं करून काय उपयोग?

इतकें लिहिल्यावर एखादी मायबहीण विचारील, ‘मास्तर, दाट शिजवूं केव्हां आणि पाजूं केव्हां? दिवस उगवला कीं मी दुसऱ्याच्या बांधावर.’ हा प्रश्न रास्त आहे, आणि खरी मेख येथेंच आहे. ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेल्या बाईचें तान्हें फडांत पाचटावर निजतें. एक दिवस खाडा झाला तर तो उचलींतून कापला जातो. तिची अंगणवाडी गांवीं आणि ती शंभर कोसांवर. अशा बाईला ‘सहा महिने फक्त अंगावर पाज’ असें नुसतें भिंतीवर रंगवून सांगणें म्हणजे थट्टा आहे.

सन १९२८ मध्यें मुंबईच्या कायदे कौन्सिलांत डॉ. आंबेडकरांनीं कामगार बायांच्या बाळंतपणाच्या बिलाची बाजू घेतली, आणि १९२९ सालीं तो कायदा झाला. तो कारखान्यांतल्या बायांपुरता होता. आज आमच्या शाळांतील शिक्षिका भगिनींना १८० दिवस पगारी रजा आहे, ती असावीच. पण शेतांत राबणाऱ्या बाईला काय? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यांत प्रत्येक गर्भारणीला किमान ६००० रुपये लिहिले आहेत. २०१७ सालीं योजना आली ती ५००० ची, आणि तीही पहिल्याच बाळाला. २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६०००. दुसरा मुलगा झाला तर कांहीं नाहीं, जणूं त्याच्या आईला भूकच लागत नाहीं! चौथीच्या मुलांकडून आम्हीं भागाकार करविला: ५००० भागिले १८०. उत्तर २८ रुपयेसुद्धा भरत नाहीं. तेवढ्यावर कोणती बाई सहा महिने रोज सोडील?

रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यांत, कामावर पांच लहान मुलें असलीं तर त्यांना सांभाळण्यास एक बाई ठेवावी असें लिहिलें होतें. आमच्या पंचक्रोशींत अशी बाई आम्हीं पाहिली नाहीं, कारण ती कोणी मागितलीच नाहीं. १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. गटाराचा आणि कमानीचा विषय निघण्याआधीं बायांनीं पुढें बसून विचारावें: अंगणवाडींतला वजनकांटा चालतो काय? गेल्या तीन महिन्यांत आहार किती दिवस आला? तोडीला जाणाऱ्या बायांच्या मुलांचीं नांवें कारखान्याच्या गांवच्या अंगणवाडीला कळविलीं काय? ग्रामसेवकानें उत्तर इतिवृत्तांत लिहीपर्यंत उठूं नये. आम्ही त्या सभेस हजर राहूं, आणि ज्या बायांना लिहितां येत नाहीं त्यांचे अर्ज आदल्या दिवशीं शाळा सुटल्यावर लिहून देऊं.