हक्काचे पैसे, पण केव्हा?

औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याच्या दारावर टाळेबंदीची नव्हे, कायमच्या बंदची सूचना लागते. कुठे कंत्राटदाराचा माणूस पाळी सुटताना ‘उद्यापासून येऊ नका’ एवढेच सांगतो. चाकण असो, वाळूज असो की बुटीबोरी, त्या एका वाक्याने एका कुटुंबाचे सारे गणित कोलमडते. घरभाडे ठरल्या तारखेला द्यावेच लागते, दुचाकीचा हप्ता थांबत नाही, शाळेची फी पुढे ढकलली जात नाही. वाणी पहिला महिना उधारी देतो, दुसऱ्या महिन्यात वही पुढे करतो. घरातील कर्ता पुरुष कित्येक दिवस ही गोष्ट घरच्यांनाही सांगत नाही. नेहमीच्या वेळी डबा घेऊन बाहेर पडतो आणि नेहमीच्या वेळी परत येतो. अशा घराला मदतीची रक्कम किती मिळते, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु ती केव्हा मिळते, हा त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. बेकारीच्या पहिल्या महिन्यात हातात पडलेले दहा हजार रुपये घर सावरतात. तेच दहा हजार सात महिन्यांनी आले तर ते सावकाराच्या व्याजात जातात. वरातीमागून घोडे आणण्याचा हा प्रकार थांबावा, अशी अपेक्षा बाळगण्यात काहीही गैर नाही.

भारतीय राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळावे, असे मार्गदर्शक तत्त्व राज्यसंस्थेसमोर ठेवले. अर्थात आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपण, बाळंतपण आणि कामावरील अपघात यांची काळजी घेतली. बेकारीची मात्र घेतली नाही. तिची किंमत मुंबईच्या गिरणगावाने मोजली. १९८२ च्या संपानंतर एकेका गिरणीची चिमणी थंड होत गेली. लालबाग-परळच्या चाळींत बायकांनी खानावळी चालवून, पापड लाटून घरे तगवली आणि थकलेल्या देण्यांसाठी गिरणी कामगार वर्षानुवर्षे हेलपाटे घालत राहिला. सप्टेंबर १९८६ मध्ये केंद्र सरकारने कायमच्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांतील कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना आणली. तीत पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य देण्याची तरतूद होती. ती एका उद्योगापुरती होती. विमाधारक कामगारांना बेकारी भत्ता मिळण्यासाठी १ एप्रिल २००५ उजाडावा लागला. त्या दिवसापासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना लागू झाली. कारखाना बंद पडणे, कामगारकपात किंवा कामाशी संबंध नसलेल्या कारणाने आलेले कायमचे अपंगत्व, अशा प्रसंगांपुरती ती मर्यादित राहिली.

या पार्श्वभूमीवर १ जुलै २०१८ पासून आलेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचे महत्त्व ध्यानात घ्यावे लागेल. प्रारंभी सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच, असे तिचे स्वरूप होते. अर्ज करण्यासाठीही बेकारीचे ९० दिवस पुरे व्हावे लागत. म्हणजे कामगाराने आधी तीन महिने उपास काढायचे आणि मग पाव पगाराची मागणी करायची. २०२० च्या टाळेबंदीने या अटीतील निष्ठुरता उघड केली. त्या वर्षी भत्त्याचे प्रमाण ५० टक्के झाले, ९० दिवसांची प्रतीक्षा ३० दिवसांवर आली, अर्ज मालकामार्फतच गेला पाहिजे हे बंधन गेले आणि रक्कम थेट कामगाराच्या बँक खात्यात जमा करण्याची व्यवस्था झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रतिज्ञापत्राची अटही काढून टाकण्यात आली. हे बदल योग्य दिशेचे होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

रक्कम किती, याचा हिशेब साधा आहे. दरमहा १५ हजार रुपये वेतनावर सलग दोन वर्षे काम केलेल्या कामगाराचे सरासरी दैनिक वेतन सुमारे ४९३ रुपये होते. त्याच्या निम्मे, ९० दिवसांचे, म्हणजे सुमारे २२ हजार रुपये. या पैशाने कोणी श्रीमंत होत नाही. पण तीन महिने घरात चूल पेटत राहते आणि माणसाला पडेल त्या मजुरीवर हात टेकण्याऐवजी दुसरे बरे काम शोधायला उसंत मिळते. शिवाय हे दान नव्हे. १ जुलै २०१९ पासून विम्यापोटी कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जाऊ लागला आणि मालकाचा वाटा सव्वातीन टक्के ठरला. ज्या निधीत स्वतःच्या घामाचा पैसा आहे, त्या निधीच्या दारात कामगाराने याचकासारखे उभे राहावे, हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारे नाही.

मग अडते कुठे? पहिली अडचण पात्रतेच्या गणितात आहे. बेकार होण्यापूर्वी किमान दोन वर्षे विमा उतरवलेला असावा लागतो. अंशदानाचे वर्षात दोन कालखंड असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. बेकारीच्या लगतच्या कालखंडात किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे आणि त्याआधीच्या तीन कालखंडांपैकी एकात पुन्हा किमान ७८ दिवसांचे असावे, ही अट आहे. कायम कामगाराला ती सहज पार करता येते. कंत्राटी कामगाराचे मात्र दर काही महिन्यांनी कंत्राट बदलते, कंत्राटदार बदलतो, मधले दिवस कोरे जातात आणि कधी कधी कापलेले अंशदान भरलेलेच नसते. पगारपत्रकात कपात दिसते म्हणून तो निर्धास्त असतो. नोंद नसल्याचे त्याला कळते ते नोकरी गेल्यानंतर, अर्ज नामंजूर झाल्यावर.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मासिक अंशदान भरताना, कामगार कामावर नसेल तर त्याचे कारण मालकाला नोंदवावे लागते. सेवा सोडली, निवृत्त झाला, कामगारकपात झाली, काम नाही, अशी निरनिराळी कारणे त्या यादीत आहेत. कचेरीतील लिपिक घाईघाईत ‘सेवा सोडली’ या कारणावर बोट ठेवतो. त्याच्या दृष्टीने तो एक रकाना असतो. कामगाराच्या दृष्टीने तो तीन महिन्यांच्या आधाराचा निवाडा असतो. गैरवर्तनामुळे बडतर्फी, नियत वयोमानाची निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती असेल तर हा भत्ता मिळत नाही. म्हणूनच ‘हिशेब लवकर करून देतो, फक्त राजीनाम्यावर सही कर’ असे जेव्हा कामगाराला सांगितले जाते, तेव्हा प्रत्यक्षात त्याच्याकडून त्याचा हक्क लिहून घेतला जात असतो. कपात केली असेल तर कपात असेच लिहिले पाहिजे. एवढा प्रामाणिकपणा दाखवायला मालकाला एक पैसाही जास्तीचा मोजावा लागत नाही.

तिसरी अडचण क्षुल्लक दिसते आणि सर्वाधिक हेलपाटे घडवते. आधार पत्रावर वडिलांचे नाव पूर्ण, विम्याच्या नोंदीत आद्याक्षर. विवाहानंतर बदललेले आडनाव. बंद पडलेले बँक खाते. हरवलेला जुना मोबाईल क्रमांक. यांपैकी एकही गोष्ट जुळली नाही की अर्ज पुढे सरकत नाही. खिडकीवरचा कर्मचारी ‘मालकाकडून दुरुस्त करून आणा’ म्हणतो आणि ज्या मालकाने काढून टाकले त्याच्याच दारात कामगाराला पुन्हा उभे राहावे लागते. एका हेलपाट्याचा अर्थ एका दिवसाची मजुरी आणि प्रवासाचे भाडे. चार हेलपाट्यांनंतर माणूस ‘भीक नको, पण कुत्रा आवर’ म्हणून अर्जाचा नाद सोडतो. त्याने आपला हक्क सोडला अशी नोंद कुठेच होत नाही. फक्त लाभार्थ्यांच्या यादीतील एक नाव कमी होते.

अर्ज दाखल झाल्यानंतर तो १५ दिवसांत निकाली काढण्याचे आश्वासन २०२० मध्ये देण्यात आले होते. आश्वासनाला उत्तरदायित्वाची जोड मिळाल्याशिवाय मुदतीला अर्थ प्राप्त होत नाही. भविष्य निर्वाह निधीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्या निधीच्या १९५२ च्या योजनेत पूर्ण दावा २० दिवसांत निकाली काढण्याचे बंधन घालण्यात आले आणि पुरेशा कारणाविना विलंब झाल्यास १२ टक्के व्याज आयुक्ताच्या वेतनातून वसूल करण्यापर्यंतची तरतूद झाली. आजारी आणि बेकार माणसाच्या दाव्याला याहून सौम्य नियम का असावा? दाव्यात त्रुटी असेल तर ती एकाच वेळी, लेखी आणि त्याच्या मातृभाषेत कळवावी. अर्जाची दिनांकित पोच द्यावी. तपासणीसाठी मालकाचे उत्तर ठरल्या दिवसांत आले नाही तर कामगाराची बाजू ग्राह्य धरावी. यासाठी नवा निधी लागत नाही, केवळ प्रशासकीय इच्छाशक्ती लागते.

दिनांकित पोच या शब्दाचे मोल महाराष्ट्राने पुरेपूर जाणले पाहिजे. वि. स. पागे यांच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला १९७७ च्या कायद्याने अधिष्ठान दिले. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन त्यात होते. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान पाव आणि पुढे किमान निम्मा भत्ता सांगितला होता. प्रत्यक्षात हा भत्ता मिळालेले मजूर शोधावे लागतात. कारण साधे होते. कामाची मागणी नोंदवून घेऊन तारखेची पोच दिली की १५ दिवसांची मोजणी सुरू होते. पोचच दिली नाही तर मोजणीही नाही आणि दायित्वही नाही. कायदा कितीही उदात्त असो, त्याचा प्राण अशा एका चिठोऱ्यात असतो.

बेकारी भत्त्याने आळस वाढेल, असा आक्षेप मध्यमवर्गातून अधूनमधून घेतला जातो. श्रमप्रतिष्ठा मानणाऱ्या समाजात हा आक्षेप सर्वस्वी झिडकारण्याजोगा नाही. विनाकष्टाचा पैसा माणसाला पंगू करतो, हे खरेच आहे. परंतु निम्मा पगार, तोही ९० दिवस, तोही जन्मात एकदा, आणि तोही आधी दोन वर्षे विमाधारक राहून कमावलेला. यात ऐतखाऊपणाला जागा कोठे उरते? उलट, वेळेवर न मिळालेली मदतच माणसाला खासगी सावकाराच्या दारात नेते, मुलाला शाळेतून काढायला लावते आणि कसबी कारागिराला मिळेल त्या हमालीवर ढकलते. कुशल हात असे वाया जाणे, ही उद्योगाची आणि राष्ट्राचीही हानी आहे.

शासनाने आता करावयाचे काम स्पष्ट आहे. प्रायोगिक म्हणून आलेली ही योजना एकामागून एक मुदतवाढींवर चालत आली. दर वेळी मुदत संपत आली की ती पुढे चालणार की नाही, याची टांगती तलवार कामगाराच्या डोक्यावर राहते. बेकारी ही तात्पुरती आपत्ती नाही. तेव्हा तिच्यावरील उपायही कायमस्वरूपी हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची असून ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची आहे. तरतूद स्वागतार्ह आहे. तिची गतही मागील तरतुदींसारखी होऊ नये. विम्यासाठी जानेवारी २०१७ पासून ठरलेली २१ हजार रुपयांची वेतनमर्यादा महागाईच्या मानाने अपुरी ठरली, याचाही विचार व्हायला हवा.

परंतु सारे काही सरकारनेच करावे, ही वृत्तीही समाजाला दुर्बळ करते. प्रत्येक वस्तीत बँकेतून, शाळेतून, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली जाणती माणसे आहेत. संगणक लीलया हाताळणारी महाविद्यालयीन मुले-मुली आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ मंदिराच्या सभामंडपात किंवा शाळेच्या वर्गात टेबल-खुर्ची मांडून बसले, तर कितीतरी अर्ज पहिल्याच फेरीत बिनचूक जातील. नोकरी असतानाच विमा क्रमांक, अंशदानाची नोंद, आधार आणि बँक खाते तपासून घ्यायला शिकवणे. राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी विचारायला सांगणे. अर्जापूर्वी योजनेची मुदत पाहून घेणे. प्रत्येक कागदाची प्रत आणि पोच जपून ठेवायला लावणे. ही कामे लहान आहेत. त्यांत भाषणे नाहीत, हारतुरे नाहीत. आणि ज्यांचे स्वतःचे छोटे-मोठे कारखाने आहेत, त्यांनी अंशदान वेळेवर भरावे आणि कारणाच्या रकान्यात सत्य तेच लिहावे.

अडचणीतील माणसाला सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. त्याच्याबरोबर रांगेत उभा राहणारा क्वचित भेटतो. आपल्या गल्लीत कोणाची नोकरी गेली आहे, हे शेजाऱ्याला बहुधा आधी कळते. त्याने आपणहून दार ठोठावून ‘कागद घेऊन या, बसून भरू’ एवढे म्हटले, तर त्या घराची प्रतीक्षा काही आठवड्यांनी नक्कीच कमी होईल.