दार बाहेरून उघडतं

नाताळच्या आधीचे चार रविवार आमच्या चर्चमध्ये जांभळे असतात. तिसरा तेवढा काही ठिकाणी गुलाबी. मिस्सामधलं गौरवगीत या दिवसांत थांबतं. चर्चचं नवं वर्षही याच आगमनकाळापासून सुरू होतं. वर्षाचा पहिला धडा वाट पाहण्याचा ठेवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आमच्याकडे मात्र हा काळ रंगरंगोटी, खरेदी आणि फराळातच निघून जातो, याची तितकीच खंतही वाटते.

वाट पाहणं म्हणजे काय, हे मला बर्लिनच्या टेगेल तुरुंगातल्या दोन कैद्यांकडून कळलं. डिट्रिश बोनहोफर हे प्रोटेस्टंट पाळक आणि आल्फ्रेड डेल्प हे जेझुइट धर्मगुरू. दोघंही हिटलरच्या राजवटीला नको झालेले.

बोनहोफर यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये आपल्या मित्राला लिहिलं, की कोठडी म्हणजे आगमनकाळच आहे. माणूस आशा धरून असतो, काहीबाही करत राहतो, पण सुटकेचं दार बाहेरूनच उघडावं लागतं. हे वाचलं तेव्हा माझ्या कितीतरी प्रार्थना मला खटकल्या. उपास, नोव्हेना, नवस यांच्या जोरावर आपण जणू देवाला ओढून आणणार असतो. वृद्ध शिमोनाने मंदिरात बाळ येशूला हातांत घेतलं, पण त्याला आणलं दुसऱ्यांनी. शिमोन फक्त तिथे होता, आणि डोळे उघडे होते म्हणून त्याने ओळखलं.

दार आपल्या हातात नाही म्हणून बोनहोफर स्वस्थ बसले नाहीत. त्याच नाताळात त्यांनी सहकैद्यांसाठी प्रार्थना लिहिल्या. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९४४ मध्ये, डेल्प बेड्या घातलेल्या हातांनी कागदाच्या तुकड्यांवर आगमनकाळाचं चिंतन लिहीत होते. ते कागद धुण्याच्या कपड्यांतून लपवून बाहेर जात. आगमनकाळ माणसाला आधी हादरवून जागं करतो, असं त्यांचं म्हणणं होतं. जेझुइट संघ सोडलात तर सोडून देऊ, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यांनी नकार दिला आणि ८ डिसेंबरला तुरुंगातच अखेरची व्रतं घेतली. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांना फाशी झाली. बोनहोफर यांना त्याच वर्षी एप्रिलमध्ये.

मग दार उघडलं का? हा प्रश्न मी टाळू शकत नाही आणि त्याचं चटकन उत्तरही देववत नाही. एवढं मात्र दिसतं, की डेल्प यांना सुटका मिळत होती आणि तरीही ते थांबले. ज्याच्यासाठी थांबले तो त्यांना सुटकेहून मोठा होता. तो त्यांना कोठडीतच भेटला असणार, अशी माझी श्रद्धा आहे.

हे लिहिताना आपल्याकडचे कच्चे कैदी डोळ्यांसमोर येतात. भारतातल्या तुरुंगांत शिक्षा झालेल्यांपेक्षा निकालाची वाट पाहणारेच जास्त आहेत. जामीन मंजूर होऊनही केवळ रक्कम भरता येत नाही म्हणून आत राहिलेली माणसं त्यांत आहेत. त्यांचं दार उघडणं आपल्यासारख्यांना जमण्याजोगं आहे. या चार रविवारांच्या दानातला एक वाटा त्यांच्या जामिनासाठी बाजूला काढावा, असं मी आमच्या धर्मग्रामाच्या पुढच्या बैठकीत सुचवणार आहे.