शेपटाला कोण राहणार?

रविवारी पहाटे सहाला औरंगपुरा पाहिलाय कधी? आपल्याला माहीत असलेला औरंगपुरा म्हणजे पुस्तकांची दुकानं, झेरॉक्ससाठी उभी असलेली गर्दी, भाजी मंडई आणि गाडी लावायला जागा शोधत मारलेल्या तीन चकरा. सहाला यातलं काहीच नसतं. शटर खाली, रस्ता मोकळा, दूधवाले, पेपरवाले (म्हणजे हे पान तुमच्या हातात पोचवणारी माणसं) आणि फुले पुतळ्याजवळ आम्ही नऊ जण, नऊ सायकली घेऊन.

नऊ सायकली म्हणून डोळ्यांसमोर काही भारी आणू नका. एकच गिअरवाली होती. एक आठवीतली, पुढे बास्केट असलेली गुलाबी, जिच्या मालकिणीचे गुडघे आता हँडलला लागतात. एक होस्टेलच्या वॉचमनकाकांकडून मागून आणलेली काळी, दणकट, स्टँड लावताना सगळी गल्ली जागी करणारी. माझी सायकल धाकट्या भावाची. त्याला न विचारता आणलेली, हे तो हा लेख वाचेल तेव्हा त्याला कळेलच.

जायचं कुठे? विद्यापीठाच्या बाजूने लेण्यांच्या पायथ्यापर्यंत. जेमतेम सहा किलोमीटर. गाडीवर पंधरा मिनिटांचं काम. आम्हाला पाऊण तास लागला, आणि तेवढाच लागायला हवा होता. कारण या राइडचा नियम एकच आहे, आणि मला आज तुमच्याशी त्या नियमाबद्दलच बोलायचंय: सगळ्यात हळू जो असेल, त्याच्या स्पीडने सगळ्यांनी जायचं. एक जण कायम सगळ्यांच्या मागे राहतो. त्याला आम्ही ‘शेपूट’ म्हणतो. शेपटाच्या मागे कुणीही राहिलेलं चालत नाही.

हा नियम आला कुठून, ते सांगते. मागच्या वर्षी मी एका सायकल ग्रुपसोबत गेले होते. नाव नको. मेसेजमध्ये ‘बिगिनर्स वेलकम’ असं लिहिलं होतं. दुसऱ्या किलोमीटरलाच मी मागे पडले. चढावर चेन उतरली. खाली बसून, हात काळे करत ती बसवेपर्यंत पुढची मंडळी दिसेनाशी झाली. फोन केला तर उचलला नाही, सायकल चालवताना कोण उचलणार? शेवटी मी सायकल हातात धरून मागे फिरले. वाटेत एक चहावाले चाचा म्हणाले, “बेटा, पंक्चर हुआ क्या?” मी हो म्हटलं. खरं सांगायची लाज वाटली. दुपारी ग्रुपवर सगळ्यांचा फोटो आला, खाली ‘व्हॉट अ राइड’. मी फोटोत नव्हते, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यानंतर आठ महिने मी सायकलला हात लावला नाही.

त्या ग्रुपवर माझा राग आहे का? थोडा आहे. पण ते लोक वाईट नव्हते. त्यांच्या डोक्यात सायकल म्हणजे किलोमीटर, वेळ आणि ॲपवरचा नकाशा, एवढंच होतं. तसं सायकलिंग मोठंच आहे. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, साधारण 4,800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. वाचूनच पाय दुखतात. त्यांना सलामच. पण सायकल म्हटली की एकतर महाजन बंधू नाहीतर शाळेतली पोरं, असे दोनच फोटो आपल्या डोळ्यांसमोर येतात. मधल्या माणसाने काय करायचं? ज्याला जिंकायचं नाही, वजन कमी करायचं नाही, फक्त चार मित्रमैत्रिणींबरोबर गप्पा मारत झाडांखालून जायचंय?

त्याच्यासाठी आपल्या शहरात रस्ता आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण तो त्यांना गाडीतून दाखवतो, स्वतः कधी बघत नाही. मिल कॉर्नरवरून भडकल गेटकडे नजर टाका. 1612 च्या सुमारास मलिक अंबरने बांधलेला हा दरवाजा, आता भोवती वाहतुकीचा वेढा. पुढे पाणचक्की, महमूद दरवाजा, खाम नदी. इथे पेडल मारायचं थांबवून एक गोष्ट आठवायची. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून, पंप नाही की वीज नाही, नुसत्या उताराच्या जोरावर पाणचक्कीपर्यंत आणलं होतं. शाळेच्या सहलीत हे ऐकलेलं असतं, पण कळत नाही. सायकलवर पोटऱ्यांना कळतं. विद्यापीठ गेटनंतर रस्ता गुपचूप चढत जातो. गाडीवर या चढाचा पत्ता लागत नाही. आणि परतताना तोच उतार आपला असतो, पाण्यासारखं नुसतं वाहत यायचं.

विद्यापीठ गेटपाशी आमच्यातला एक जण दर वेळी थांबतो. नामांतराच्या लढ्यात त्याचे आजोबा होते. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला तेव्हा आपण कुणी जन्मलोही नव्हतो. तो गेटसमोर पाय टेकतो, दोन मिनिटं काही बोलत नाही, मग निघतो. आम्हीही थांबतो. हळू जाण्याचा हा एक फायदा. ज्याला जिथे थांबायचं असेल तिथे थांबता येतं, कारण विचारलं जात नाही.

आत गेलं की खरी मजा. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, समोर गोगाबाबाची टेकडी. त्या वेळी मोराचा आवाज येतो, मोर दिसेलच असं नाही. सोनेरी महालाकडचा फाटा मागे टाकून पुढे गेलं की लेण्यांचा पायथा. सहाव्या-सातव्या शतकातली बौद्ध लेणी. अजिंठा-वेरूळच्या सावलीत राहिली म्हणून बिचारी गर्दीतून सुटली. पायऱ्यांवर बसलं की खाली मकबरा आणि त्यामागे सगळं शहर पसरलेलं. आम्ही तिथे डब्यातले पोहे खाल्ले. नऊ जणांत तीन चमचे.

आता जरा भांडणाचा मुद्दा.

नवातल्या पाच मुली होत्या. त्यातल्या चौघींनी दहावीनंतर सायकल चालवलेली नव्हती. का? अकरावीला स्कूटी आली, हे सगळ्यांचं पहिलं उत्तर. दुसरं उत्तर उतरताना, हळू आवाजात आलं. सायकल हळू जाते, आणि हळू जाणाऱ्या मुलीकडे वळून बघायला लोकांना वेळ मिळतो. स्कूटीवर निदान पुढे निघून जाता येतं. ग्रामीण भागातल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेला जायला सायकली देणारा मानव विकास कार्यक्रम तुम्हाला माहीत असेल. त्याचं आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. म्हणजे सायकलमुळे मुलगी शाळेत टिकते, हे सरकारला पटलेलं आहे. तीच मुलगी बारावी झाली, शिकायला शहरात आली की सायकल सुटते. खेड्यात जिने तिला शाळेत पोचवलं, ती शहरातल्या रस्त्यावर चालवायची भीती वाटते. हे मला विचित्र वाटतं. तुम्हाला?

पाच जणी एकत्र, सोबत चार मुलगे आणि मागे शेपूट, तेव्हा कुणी वळून बघितलं तरी फरक पडत नव्हता. गुलाबी सायकलवाली तर परतताना दोन्ही हात सोडून ओरडली. (करू नका. ब्रेक तिचेही धड नव्हते.)

“पण सायकल कुठाय?” हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू आला. दुकानात चौकशी केली तर आकडे ऐकून माणूस चालायला लागतो. माझे बाबा सांगतात, त्यांच्या वेळी गल्लीच्या कोपऱ्यावर तासावर सायकल मिळायची. नाव वहीत लिहायचं, आठ आणे द्यायचे, वेळ संपली तरी अजून एक चक्कर मारायची. ते दुकान आता नाही. पण सायकली आहेत. तुमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली बघा. धूळ बसलेल्या, टायर खाली बसलेल्या निदान दोन सापडतील. मालकाला विचारा. बहुतेक जण नुसते “घेऊन जा” म्हणतात, वर हवा भरायचा पंपही देतात.

आणि एक मागणी, विद्यापीठाकडे आणि महापालिकेकडेही. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1974 पासून रविवारी आणि सुटीच्या दिवशी मोठे रस्ते सकाळी सात ते दुपारी दोन मोटारींना बंद असतात. आज असे 120 किलोमीटरहून जास्त रस्ते तिथे सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना मिळतात. एवढं आम्ही मागत नाही. जवळचं उदाहरण घ्या. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात भाड्याची सायकल घेऊन जंगलातल्या डांबरी रस्त्याने कान्हेरी लेण्यांपर्यंत जाता येतं. आपल्याकडेही डांबरी रस्ता आहे, झाडं आहेत, शेवटी लेणी आहेत. रविवारी सहा ते आठ, फक्त दोन तास, आतल्या रस्त्यावर मोटारी नकोत. नवीन ट्रॅक नको, टेंडर नको, उद्घाटन तर नकोच. दोन बॅरिकेड आणि दोन माणसं पुरतील.

कुणी म्हणेल, दोन तास रस्ता बंद केला तर फिरायला येणाऱ्या वयस्कर लोकांनी काय करायचं? प्रश्न बरोबर आहे. अनेक जण गाडीने येतात आणि मग चालतात. त्यांच्यासाठी गेटजवळ पार्किंग ठेवा, ज्यांना चालवत नाही त्यांची गाडी आत सोडा. आणि आपणही मधोमध पाच-पाच सायकली एका रांगेत लावून गप्पा मारायच्या नाहीत. चालणाऱ्याच्या मागून येताना घंटी वाजवायची, तीसुद्धा हळू. आमच्याकडून एकदा एक आजोबा दचकले. त्यांनी आम्हाला जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही, पण चूक आमची होती.

बाकी किरकोळ. हेल्मेट असेल तर घालाच. पहाटे कुत्री मागे लागतात, तेव्हा जोरात पळवू नका. उतरा, सायकल मधे धरून चालत पुढे जा, बहुतेक वेळा ती कंटाळतात. थंडीत सहाला अंधार असतो, मागे लाल लाइट लावा. पोह्यांचा कागद लेण्यांवर ठेवून येऊ नका, डबा आणा. उन्हाळ्यात टेकडीवरचं गवत वाळलेलं असतं, तिथे सिगारेट तर अजिबात नको.

येत्या रविवारी पुन्हा सहाला, फुले पुतळ्याजवळ. यावेळी शेपूट मी आहे. आठ महिने सायकल कोपऱ्यात ठेवून बसलेलं कुणी असेल तर बिनधास्त या, मी तुमच्या मागेच असेन. फक्त हवा शनिवारी रात्रीच भरून ठेवा. सहाला पंक्चरचं एकही दुकान उघडं नसतं.