मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत. मग आजीला दिसत का नाही?

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. तरीही २०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधील अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदूच निघालं. हा आजार अर्ध्या तासाच्या ऑपरेशनने बरा होतो आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत आहे. मग अडतं कुठे?

माझ्या मते अडचण पैशाच्या वाटेत आहे. सेवाभावी संस्थेला सरकारी अनुदान मिळतं ते प्रत्येक ऑपरेशनमागे. म्हणजे मोजले जातात ते डोळे. नंतर चष्मा मिळाला का, आठवड्याने तपासणी झाली का, दुसऱ्या डोळ्याचं काय, हे त्या हिशेबात मागे पडतं. आणि गरिबाचा खरा खर्च ऑपरेशनचा नसतोच. सोबत जाणाऱ्या मुलाची दोन दिवसांची मजुरी, एसटीचं भाडं, महिनाभर घालायचे थेंब, हे सगळं घरातून जातं. सून कामावर आणि नातवंडं सासूकडे असतील तर सासू म्हणते, "पुढच्या वर्षी बघू." अंधत्वाचं प्रमाण बायकांमध्ये जास्त आहे, याचं मला तरी नवल वाटत नाही.

"पिकू द्या, मग काढू" हा जुना सल्ला वस्तीत अजून ऐकू येतो. आज त्याची गरज नाही. फार पिकलेल्या मोतीबिंदूमुळे डोळ्यातला दाब वाढून कायमची दृष्टी जाऊ शकते.

दुसरी अडवणूक खासगी दवाखान्यातल्या काउंटरवर होते. पॅकेजचा कागद पुढे येतो: साधी लेन्स, घडीची लेन्स, विदेशी लेन्स, मल्टिफोकल. घरचे घाबरतात आणि कर्ज काढतात. पुण्यातल्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात फेको आणि हाताने केलेली लहान छेदाची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. बिनचष्म्याची नजर फेकोत थोडी सरस होती, चष्मा लावल्यावर दोन्हीकडे जवळपास सारखीच. मग फरकाचे पैसे कशाचे, हे विचारायला हरकत नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने १९९२ पासून देशातच स्वस्त लेन्स बनवून दाखवल्या आहेत. स्वस्त म्हणजे निकृष्ट, असं समजू नये.

मात्र मोफत म्हणजे कसंही, हेही चालणार नाही. २०१५ मध्ये मध्य प्रदेशातल्या बडवानीत आणि २०२१ मध्ये बिहारच्या मुझफ्फरपूरमध्ये मोफत शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्गाने अनेकांचे डोळे गेले. सगळे गरीबच होते.

सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य, असं संविधानाचं कलम ४७ सांगतं. त्यामुळे ही कुणाची दानत नव्हे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचं पाच लाखांचं कवच आहे. कार्ड काढून द्या, पण जवळचं रुग्णालय योजनेत आहे का आणि तिथे डोळ्यांचा विभाग आहे का, हे आधी फोन करून विचारा. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या वारी बसतात, तेही आशाताईंकडून कळेल.

भीमजयंतीला विहारात नेत्रतपासणी शिबिर ठेवणाऱ्या मंडळांनी तीन गोष्टी आयोजक संस्थेकडून लेखी घ्याव्यात: ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात होणार, चष्मा कोण देणार आणि त्रास झाला तर रात्री कुणाला फोन करायचा. तपासलेल्यांची यादी मंडळाकडेही ठेवा. महिन्याभराने त्या यादीतल्या घरांवर एक फेरी मारा. ज्यांची नावं आहेत पण ऑपरेशन झालं नाही, त्यात बहुतेक म्हाताऱ्या बायकाच सापडतील.